उलट्या बैलाचा मार्का

आंबिलीचं बिंदगं फुटलं ते शिवप्रसादकाकांच्या खोक्यामुळे. गाडीतल्या सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पण घरातल्या कर्त्या माणसाच्या हातून काही फुटलं की ते आपलं आपण फुटलेलं असतं, हा बिराजदारांच्या घरातला जुना शिरस्ता. गाडी बांधावरून शेतात उतरताना काकांचं पुठ्ठ्याचं खोकं घसरलं, मंजुश्रीच्या आईच्या मांडीजवळ जपून धरलेल्या मातीच्या घागरीवर आदळलं आणि आंबट वासाची पांढरी आंबील आईच्या नव्या साडीवरून थेट काकूंच्या चपलांत गेली.

"रस्ताच खराब हाय," काका म्हणाले आणि आधी खोकं उघडून आतली पाकिटं भिजली नाहीत ना ते बघू लागले.

येळवस होती. या अमावास्येला लातूरचा बाजार कुलूप लावून शेतात जातो. ज्याला शेत नाही तो शेतवाल्याकडे जातो आणि ज्याला बोलावणं नाही तोही जातो. उदगीर रस्त्यावरच्या बिराजदारांच्या रानातही उभ्या ज्वारीत कडब्याची कोप उभी होती, कोपीत पाच पांडवांचे पाच दगड चुन्याने रंगवून तयार होते. आता पूजेला हवं होतं आंबिलीचं बिंदगं, चुन्याच्या आणि लाल कावेच्या नक्षीचं. त्याचे तुकडे लक्ष्मम्मा आज्जी वाकून पदरात गोळा करत होत्या.

लक्ष्मम्मा आज्जी म्हणजे मंजुश्रीच्या आजोबांची, शरणप्पा अप्पांची, धाकटी बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि त्या भावाच्या घरी परत आल्या, त्याला आता साठ वर्षं होत आली. दरवर्षी येळवशीच्या पहाटे, घर उठायच्या आत, त्या बिंदगं रंगवून मोकळ्या व्हायच्या. रंगवताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि पाहावं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

मंजुश्री, घरातल्यांची अंजू, त्यांच्याजवळ उकिडवी बसली आणि तुकडे वेचू लागली. "राहू दे अंजे, हात कापंल," आज्जी म्हणाल्या.

"तुमचा न्हाई का कापत?"

"माझं काय. माझा हात जुना हाय."

शेजारच्या शेतातून किशनराव ओरडतच आले. येळवशीला शेजाऱ्याच्या घरी काय फुटलं हे कळायला वेळ लागत नाही. "आमच्यात एक घागर जास्तीची हाय," ते म्हणाले. "आंबील बी घ्या निम्मी. पण घागर कोरी हाय बरं का, रंगवलेली न्हाई."

"कोरी कशी पुजायची?" काकू म्हणाल्या.

"चुना हाय की. पांडवाला लावून उरलाय. काव बी हाय वाटीत," आई म्हणाली. "आत्या हितंच रंगवतील. किती येळ लागतोय?"

आज्जींच्या हातातला तुकडा पदरात पडायचा तो मातीत पडला. "हितं? समद्यांच्या म्होरं?"

"मग काय झालं?"

"काय न्हाई," आज्जी म्हणाल्या. थोड्या वेळाने घागर उचलून त्या कोपीच्या मागे गेल्या. ऊन लागतंय म्हणाल्या. पौषाच्या तोंडावरचं ते ऊन सगळ्यांना हवंहवंसं वाटत होतं, पण म्हाताऱ्या माणसाला कोण विचारणार?

घागर वाळेपर्यंत पूजा थांबली, आणि काकांना आयती सभा मिळाली.

त्यांनी खोकं कोपीपुढच्या सतरंजीवर ठेवलं आणि नमुन्याचं एकेक पाकीट काढून प्रसाद वाटावा तसं वाटलं. तुरीची डाळ, एक किलो. बिराजदारांची डाळ आजवर पोत्यातच जायची. हैदराबादपर्यंत जायची, पण पोत्यातच. येत्या संक्रांतीपासून ती पाकिटात बसून दुकानाच्या फळीवर जाणार होती. पाकीट पिवळंधमक, वर कोनात लिहिलेलं नाव, आणि नावाच्या उजव्या अंगाला बैल.

"बघा अप्पा," काका म्हणाले. "सरळ केला."

बैल खरंच सरळ झाला होता. सहा दशकं बिराजदारांच्या पोत्यांवरचा बैल दुकानाच्या नावाकडे पाठ करून उभा होता, निघून चालल्यासारखा. आता त्याचं तोंड नावाकडे वळलं होतं. अंगही गुळगुळीत झालं होतं, शिंगं एकसारखी झाली होती.

"अंजूनं केलंय," काका अभिमानाने म्हणाले. "पुण्याच्या माणसानं चार म्हैने घेतले असते. हिनं चार दिवसांत दिलं. उद्या छापायला पाठवायलोय."

सगळ्यांनी मंजुश्रीकडे पाहिलं. मंजुश्री हसली. हसायलाच हवं होतं. चार दिवस तरी कुठे लागले होते? बैल वळवायला एक बटण पुरलं होतं.

अप्पांनी पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि तोंडात सदा एखादी गोष्ट. आज गोष्ट आली नाही.

"अप्पा, ती पत्र्याची गोष्ट सांगा की," आईने आठवण करून दिली. येळवशीला ती गोष्ट व्हायचीच.

"काय सांगायचं," अप्पा म्हणाले. मग सवयीने सांगितलीच. "मी मार्का कापला. डालड्याच्या डब्याचा पत्रा, त्यात बैल कापायचा, पोत्यावर ठेवायचा आन् वरनं काळी शाई फिरवायची. पयल्या दिशी घाईघाईत पत्रा पालथा पडला माझ्या हातनं. बैल उलटा उठला. शंभर पोती गेली तशीच हैदराबादला. दुसऱ्या खेपंला तिथला हमाल म्हणतोय, उलट्या बैलाची तूर कवा येनार? मग ऱ्हाऊ दिला तसाच."

सगळे हसले. दरवर्षी हसायचे तिथेच हसले. अप्पा मात्र कोपीच्या कडब्याकडे बघत होते.

"आता कुणी हसायचं न्हाई," काका म्हणाले आणि पाकीट त्यांच्या हातातून घेऊन नीट उभं ठेवलं. "आन् आता ऐका. अंजूचं शिक्षण ह्या वर्षी संपतंय. आपल्या डाळमिलमधी तिला एक खोली काढून दितो. टेबल, कंप्यूटर, समदं. आपल्या पाकिटाचं, बोर्डाचं, जाहिरातीचं ती बघंल. घरातली पोरगी घरातच ऱ्हाईल."

"दादा, पुण्याहून बोलावणं आलंय तिला," सोमेश म्हणाला. मंजुश्रीचा बाप भावापुढे नेहमी खाली बघून बोलायचा, पण बोलायचा. "मोठी एजन्सी हाय. तिचं काम बघून बोलावलंय त्यांनी."

"पुण्यात काय ठिवलंय?"

"लातुरात तरी काय ठिवलंय तिच्यासाठी?"

"सोमू, पोरगी दोनदा डाक्टरकीच्या परीक्षेत बसली, तवाबी तूच म्हणला व्हतास, बसू द्या. काय झालं?"

तो विषय निघाला आणि आई साडीवरचा आंबिलीचा डाग चोळू लागली. लातुरात राहून दोनदा त्या परीक्षेत नापास होणं म्हणजे काय, हे लातूरकरालाच कळतं. तो निकाल लागला त्या पंधरवड्यात बिराजदारांच्या घरी लोक हळू आवाजात बोलून जायचे. मग मंजुश्री नांदेडला चित्रकलेच्या, म्हणजे काकांच्या भाषेत जाहिरातीच्या, कॉलेजात गेली आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता तीच पोरगी दोघांनाही हवी होती. हे खरं तर सुखाचंच होतं. पण दोघांच्या मधे बसलेल्या मंजुश्रीला घास गिळता येत नव्हता, आणि अजून पानं वाढलेलीसुद्धा नव्हती.

तिच्या पिशवीत एक कागद होता. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा. उद्या दुपारपर्यंत तो नांदेडला द्यायचा होता. वर छापलं होतं, 'माझ्या कामाची दिशा', आणि खाली चार ओळी रिकाम्या. गेले वीस दिवस रिकाम्या. वर्गातल्या बाकीच्यांनी कधीच भरून दिल्या होत्या. कुणी लहान मुलांची पुस्तकं घेतली होती, कुणी सिनेमाची पोस्टरं. मंजुश्रीला सगळंच येत होतं, हीच तिची अडचण होती. तिथे शिकवणाऱ्या सृष्टी मॅडमनी तिचं तीन वर्षांचं काम टेबलावर पसरून पाहिलं होतं. त्या नांदेडच्याच, फटकळ पण मायेच्या.

"मी तुझं काम बघून राहिले तीन वर्षं," त्या म्हणाल्या होत्या. "एकही चूक न्हाई त्यात. पण नाव झाकलं ना मंजुश्री, तर हे तुझंय का दुसऱ्याचं, मला सांगता येत न्हाई. जो जे मागतो ते तू देऊन राहिलीस. तुला काय द्यायचंय?"

त्या दिवशी कॉलेजातून खोलीवर जाताना ती रडली होती. मॅडमचा राग आला म्हणून नाही. त्यांचं खरं होतं म्हणून.

"अंजे, तूच सांग," काका म्हणाले. "मिल का पुणे?"

"काव कमी पडली असंल आज्जीला," मंजुश्री उठत म्हणाली. "देऊन येते."

कोपीच्या मागे ज्वारीच्या ओळीत आज्जी मांडी घालून बसल्या होत्या. घागरीला चुना लावून झाला होता. कडुनिंबाची काडी टोकाला चावून त्यांनी तिचा कुंचला केला होता आणि कावेच्या लाल रंगात बुडवून त्या बैल काढत होत्या. बैल नाकापासून सुरू झाला, रेघ कपाळावरून शिंगात गेली, वशिंडावर चढली, पाठीवरून घसरून शेपटीत संपली. काडी एकदाही उचलली नाही. मंजुश्री वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. एवढी खात्रीची रेघ तिने आयुष्यात काढलेली नव्हती.

मग तिला दिसलं की काडी डाव्या हातात होती.

आज्जी भाकरी उजव्या हाताने थापायच्या. भस्म उजव्या हाताने लावायच्या, जेवायच्या उजव्या हाताने, नातवंडांना धपाटाही उजव्याच हाताने मिळायचा. डाव्या हाताने काही करताना तिने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

"आज्जी, तुमी डावऱ्या हाव?"

आज्जी दचकल्या. काडी पटकन उजव्या हातात गेली. "हळू बोल. लहानपणी आमच्या आईनं, अव्वानं, हात बांधला व्हता माझा, फडक्यानं. जेवताना, पूजा करताना. समदं सुटलं. हे तेवढं न्हाई सुटलं. उजव्यानं रेघच येत न्हाई बघ."

मंजुश्री घागरीकडे बघत होती. बैलाचं तोंड उजवीकडे होतं. वशिंड जरा पुढे आलेलं, एक शिंग दुसऱ्याहून आखूड, आणि मान अशी किंचित वर, कुणी हाक मारल्यासारखी. हा बैल तिने चार दिवसांपूर्वीच पाहिला होता. स्क्रीनवर मोठा करून पाहिला होता. आखूड शिंग तिनेच वाढवून सारखं केलं होतं.

पहिल्या वर्षाला सृष्टी मॅडमनी सगळ्या वर्गाला एक पक्षी काढायला लावला होता, बाजूने दिसणारा, विचार न करता. चाळीस कागद भिंतीवर लावले, तर जवळजवळ सगळ्यांच्या चोची डावीकडे. दोनच पक्षी उजवीकडे बघत होते आणि ते दोघंही काढणारे डावरे निघाले होते. हात जसा वळतो तसं चित्राचं तोंड वळतं, मॅडम म्हणाल्या होत्या.

"आज्जी, पत्रा पालथा पडला नव्हता," मंजुश्री म्हणाली. "पोत्यावरचा बैल तुमी काढलाय."

"काय तरीच. अण्णानं कापला, तुझ्या अप्पानं. घाईत पडला पालथा. समद्या पेठंला ठावं हाय." आज्जींनी हे इतक्या घाईत म्हटलं की पाठ केलेलं वाटावं.

"लक्ष्मी, बास आता."

अप्पा काठी टेकत कोपीला वळसा घालून आले होते. त्यांच्यामागे, पूजा का खोळंबली म्हणून, काका आणि सोमेशही आले. मागोमाग आई, काकू. एवढ्याशा जागेत ज्वारी मोडून सगळं घर गोळा झालं. आज्जींनी काडी मातीत लपवली.

"मला बैल काढता येतोय व्हय रं?" अप्पा काकांना म्हणाले. "मी काढलेला बैल कुत्र्यागत दिसायचा. हिनं कापला. माजघरात बसून, तीन दुपारी. छिन्नीवर हातोडी डाव्या हातानं. बोट बी कापून घेतलं."

"अण्णा, कशाला ते आता," आज्जी म्हणाल्या.

"पेठंत पयल्याच दिशी एक जण म्हणला, शरणप्पा, बैल उलटा का? आता काय सांगू? हिचा नवरा जाऊन वरीस झालं नव्हतं. आपल्यात असलं अपशकुनाचं काय मानू नये म्हणत्यात, पण पेठ मानायची. अशा बाईच्या हातचा मार्का, त्यात डाव्या हातचा, असं कळलं असतं तर पोत्याला हात लावला नसता कुणी. मी म्हणलं, पत्रा पालथा पडला. समदी पेठ हसली. हसंना का, म्हणलं."

काकांना अजून पटत नव्हतं. हिशेबी माणूस. "पण अप्पा, मग दुसऱ्या दिशी पत्रा पालटून लावायचा की. बैल सरळ झाला असता, हसणं बी मिटलं असतं."

"झाला असता," अप्पा म्हणाले. "पण मग हिचा ऱ्हायला असता का?"

किशनरावांच्या शेतात कुणीतरी पोरांना जेवायला हाक मारत होतं.

आज्जी खाली बघत होत्या. त्यांचा आवाज आला तो अगदी बारीक. "तुमी दरसाल इतक्या रंगानं सांगायलाव ती गोष्ट, मला वाटलं, तुमालाबी आता तसंच झालं वाटायलंय. इसरलाव वाटलं."

"इसरतोय व्हय," अप्पा म्हणाले. आणि मग ऐंशीला आलेली बहीण आणि चौऱ्याऐंशीचा भाऊ, दोघंही एकदमच डोळे पुसू लागले, ते एकमेकांना दिसू नये म्हणून दोन बाजूंना तोंड करून.

काकांच्या हातात अजून पाकीट होतं. त्यांनी ते पाठीमागे नेलं. "शाळेत पोरं मला उलटा बैल म्हणायची," ते म्हणाले. "मला तवापासनं वाटायचं, आपण मोठं झालो की सरळ करू. अप्पावर कुणी हसू नये म्हणून करायलो व्हतो, आत्या. मला ठावं नव्हतं."

"तुला कसं ठावं असंल, येड्या," आज्जी म्हणाल्या.

मंजुश्रीला वाटलं, काकांना तरी ठाऊक नव्हतं. आपल्यासमोर तर तो बैल चार दिवस होता. त्याचं आखूड शिंग, त्याची वर झालेली मान, सगळं आपण पाहिलं आणि चूक समजून दुरुस्त केलं. हा हात कुणाचा, असं एकदाही विचारलं नाही. कुणी मागितलं आणि आपण दिलं. तिला इतकी लाज वाटली की कान तापले.

"काका, ते पाकीट छापू नका," ती म्हणाली.

घरात आजवर तिने कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा परीक्षेला बस म्हटल्यावरही नाही. तिचं तिलाच नवल वाटलं.

"मी एका बटणात आज्जीचा हात पुसून टाकला. मला ते परत करायचंय. पण नुसतं पाकीट न्हाई. नांदेडच्या जुन्या बाजारात, उदगीरला, कंधारला असे किती मार्के असतील. पत्रे असतील, हातानं रंगवलेल्या पाट्या असतील. आपण उलटे म्हणतो, वाकडे म्हणतो. ते कुणी काढले, त्यांचा हात कसा वळत होता, मला बघायचंय. मला तेच करायचंय. मिल बी न्हाई आन् पुणे बी न्हाई. आत्ता तरी न्हाई."

"त्याचं पुढं काय व्हतंय?" काकांनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळावं म्हणून.

"मला ठावं न्हाई, काका."

सोमेशने पायाशी मोडून पडलेलं ज्वारीचं ताट उचलून उभं केलं. पुण्याची गोष्ट तो दोन महिने उराशी धरून होता. मंजुश्रीला त्याच्याकडे बघवेना. पण तो एवढंच म्हणाला, "पूजेला उशीर व्हायलाय."

घागरीचा निम्मा भाग अजून कोरा होता. आज्जींनी मातीतून काडी काढली, पदराला पुसली आणि मंजुश्रीच्या हातात दिली. "तू कर उरलेलं. माझा बैल झाला काढून."

मंजुश्री खाली बसली. काडी कावेत बुडवली आणि आज्जींच्या बैलाकडे बघत बघत तसाच बैल काढू लागली. तोंड उजवीकडे, आखूड शिंग, वर झालेली मान. तिला येत होतं. तिला सगळंच येत होतं. मनगट जरा अवघडलं, तरी तिने रेटलं.

आज्जींनी तिचा हात धरला.

"हे नको."

"का? चुकलं?"

"चुकलं न्हाई. पण ह्यो माझा हाय. तू कशाला माझा काढायलीस? आत्ता तर एवढं बोललीस." त्यांनी ओल्या बोटाने ती सुरू झालेली रेघ पुसली. "माझ्याकडं बघू नको. घागरीकडं बघ. तुझा हात जिकडं जायलाय तिकडं जाऊ दे."

मंजुश्री थांबली. सगळं घर डोक्यावर उभं होतं. मग तिने काडी टेकवली आणि ओढली.

बैलाचं तोंड डावीकडे आलं. साहजिकच होतं, ती उजव्या हाताची होती. वशिंड बसकं झालं, एक पाय जाडा झाला. मान मात्र खाली झुकली, चरता चरता कुणाला तरी ओळखून थबकल्यासारखी. रेघ दोनदा तुटली. काढून झाल्यावर तिने पाहिलं, तर दोन बैल नाकासमोर नाक करून उभे होते, आणि मधे चार बोटं पांढरा चुना.

"आरं तिच्या," अप्पा म्हणाले. "बोलायलेत जणू दोघं."

पूजा झाली. पांडवांना नैवेद्य दाखवला, काकांनी आंबील शिंपडत शेताला फेरी मारली. भज्जी, उंडे, खीर, ज्वारीची भाकरी पानात आली. सोमेश वाढत होता. आंबिलीचा पहिला वाडगा त्याने आज्जींपुढे धरला, तेव्हा दुसऱ्या बाजूला बसलेले अप्पा म्हणाले, "लक्ष्मी, कुठल्या बी हातानं घे गं. अव्वा न्हाई आता."

आज्जी लाजल्या. या वयाची बाई एवढी लाजू शकते हे मंजुश्रीला माहीत नव्हतं. त्यांनी वाडगा डाव्या हाताने घेतला, आणि थोडी आंबील सांडली, कारण त्या हाताला त्याची सवयच नव्हती.

जेवणं झाल्यावर मंजुश्रीने बाभळीखाली बसून पिशवीतला कागद काढला. चार ओळी भरायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मराठवाड्याच्या बाजारपेठांतले हातांनी काढलेले मार्के आणि पाट्या, हे तिने लिहिलं. ते काढणाऱ्यांची नावं शोधणं, हे लिहिलं. शेवटच्या ओळीत लिहिलं, 'आणि त्यांची नक्कल न करता माझा हात कुठे वळतो ते बघणं.' कागदाच्या कोपऱ्याला कावेचं बोट लागलं. तिने ते पुसलं नाही.

सोमेश मागे येऊन उभा राहिला होता. त्याने कागद घेतला, चष्मा नव्हता म्हणून लांब धरून वाचला, दोनदा वाचला. ती वाट बघत राहिली.

"उद्या सकाळी सातची नांदेड गाडी हाय," तो म्हणाला. "सोडतो स्टँडवर." आणि कागद परत देताना त्याने तो दुमडला नाही, तळहातावर सपाट धरून दिला.

तिकडे काका काकूंना सांगत होते की खोकं रिकामं करा, किशनरावांकडचा हरभरा न्यायला बरं पडंल. पिवळी पाकिटं गाडीत सीटखाली गेली. दुकानातला तो जुना पत्रा कुठे ठेवलाय, असंही ते कुणाला तरी फोनवर विचारत होते.

ऊन उतरता उतरता किशनराव पान खात आले. येळवशीला शेजारच्या कोपीतलं बिंदगं बघून जायचं असतं. ते वाकले, कमरेवर हात ठेवून त्यांनी घागर न्याहाळली. कोपीमागे काय झालं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"ह्यो दरसालचा बैल," ते पहिल्या बैलाकडे बोट दाखवून म्हणाले. "वळखू येतोय लांबनं." मग बोट चुन्यावरून पुढे सरकलं आणि थांबलं. "पर ह्यो दुसरा हात हाय. ह्यो कुणाचा?"

आज्जी भांडी पुसत होत्या, त्या थांबल्या. काकांनी फोन कानावरून खाली घेतला. सगळे मंजुश्रीकडे बघत राहिले.

"माझा हाय," ती म्हणाली.